जीवदानाचे मासे

विठूबुवांनी मुठीतले कुरमुरे पाण्यावर टाकले, आणि ते तसेच तरंगत राहिले.

महादेवाच्या तळ्यावर असं कधी झालं नव्हतं. देऊळवाडीत लहानाचा मोठा झालेल्या कुणालाही विचारा, कुरमुरा पाण्याला टेकायच्या आत खालून चंदेरी झुंबड उठायची. बोटाएवढे मासे एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत यायचे, आणि पायरीवर पाय सोडून बसलेल्याच्या तळव्यांना गुदगुल्या करून जायचे. भोवती भाताची खाचरं होती तेव्हाही ते होते. पुढे शेजारच्या विचुंब्याकडून इमारतींची रांग सरकत आली, तळ्याच्या तिन्ही अंगांना गॅलऱ्यांमधून कपडे वाळू लागले, तरीही होते. देवाचे मासे ते. त्यांना जाळं नाही, गळ नाही. गाव सगळं आगऱ्यांचं, घरोघरी म्हावरं शिजायचं, पण या तळ्यातलं एक खवलं कुणाच्या तव्यावर गेलं नव्हतं.

बुवांनी दुसरी मूठ टाकली. वारा आला आणि कुरमुरे हळूहळू कडेला जाऊन शेवाळाला चिकटले.

"देवजी," त्यांनी हाक मारली.

देवळामागच्या झोपडीतून देवजी आला, हातात खराटा. हा कातकरी बापाच्या वेळेपासून तळ्याचा राखणदार. अंगण झाडायचं, निर्माल्य काढायचं, पोरं गळ टाकताना दिसली तर हाकलायची, आणि त्याबदल्यात ट्रस्टच्या जागेत झोपडी बांधून राहायचं, असा जुना बोलीचा व्यवहार होता.

"मासं कुठं गेलं रं?"

देवजीनं पाण्याकडे पाहिलं नाही. खराट्याची काडी निसटली होती ती नीट खोचत म्हणाला, "हायेत की. थंडीनं तळाला बसलं आसतील."

"होळी झाली. ऊन टाळू भाजतंय नि थंडी कसली?"

"मंग ऊन लागलं आसंल," देवजी म्हणाला आणि झाडायला लागला. झाडून झालेलं अंगणच तो पुन्हा झाडत होता.

बुवांच्या मनात त्या वेळी जो खडा पडला, तो काही केल्या निघेना.

विठूबुवा म्हणजे मनानं मऊ माणूस. उमेदीत न्हावा शेव्याला कंटेनरचे ट्रेलर चालवले, आणि त्या ट्रेलरवर असतानाही रस्त्यात कुठे कीर्तनाचा कर्णा ऐकू आला की गाडी कडेला लावून जाऊन बसायचे. मागून हॉर्न वाजवणारे शिव्या घालत, हे मान डोलावत. माळ घातल्यावर मासळी सुटली, बिडी सुटली, शिवी सुटली. आता गावच्या सप्ताहात कीर्तनकाराच्या मागे टाळ घेऊन उभं राहायचं, आणि आख्यान करुण झालं की सगळ्यांच्या आधी डोळे पुसायचे, हे त्यांचं काम. म्हणूनच लोक त्यांना बुवा म्हणत.

पण मऊ मनात संशय शिरला की तो तिथे खोल रुततो. दुसऱ्याच दिवशी त्यांना देवजीच्या झोपडीमागे माशाची खवलं दिसली. राखेत चमकत होती.

"काल कालवण केलंतं काय गं?" त्यांनी देवजीच्या बायकोला, गंगूला, सहज विचारल्यासारखं विचारलं.

"केलंतं. गाढीवरनं आनलं हुतं." गाढी नदी तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे उत्तर अगदी सरळ होतं. तरी गंगूनं पायानं राख पसरून खवलं झाकली, ते बुवांनी पाहिलं.

मग ते पाहतच राहिले. सकाळच्या काकड्याला जाताना देवजी तळ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात वाकलेला दिसला. हातात कागदाची पुडी. बुवांची चाहूल लागताच पुडी कमरेला गेली. पुडी कशाला, तर मासे एका जागी जमवायला कणकेच्या गोळ्या, दुसरं काय असणार? संध्याकाळी दिवे लागले की देवजी पायऱ्यांवर बसायचा, तर तोही आता बसेना. देवळाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उकिडवा बसलेला असे, पाण्याकडे तोंडही नसे. राखणदार पाण्याकडे बघत नाही, म्हणजे त्याला बघायचं नाही. बघायचं नाही, कारण काय गेलं ते त्याला ठाऊक आहे. बुवांचं गणित असं पायरी पायरीनं उतरत गेलं.

"माळ घातली नि पोलीस झालाव," शांती म्हणाली. नवऱ्याच्या ताटात भाजी वाढताना तिचा डाव जरा जोरात आपटला. "त्याच्या बापानं तुमाला त्या तळ्यात पोवायला शिकवलंन. आता त्याच्या उकिरड्यात खवलं मोजताय?"

"मी मोजत नाय. दिसली म्हनून सांगतंय."

"मला सांगितलाव तवरं ठीक हाय."

पण ते तेवढ्यावर राहिलं नाही. हरेश पाटील, ट्रस्टचा अध्यक्ष, सिमेंट-सळईचा धंदा करणारा तरतरीत माणूस. त्याच्या कानावर बुवांनी पुडीचं आणि खवलांचं घातलंच.

हरेशनं मोबाइल खाली ठेवला. "बुवा, मला डाउट होताच. समोरच्या टॉवरमधले लोक पन बोलत हुते, फिश दिसत नाय आता. हा आपल्या देवस्थानच्या इज्जतीचा सवाल हाय. तशीबी ती झोपडीची जागा आपल्याला सप्ताहाच्या पार्किंगला पायजेच हाय."

"एकदम तसं नको. आधी बघू."

"बघू की. येत्या रविवारी मीटिंग लावतो. तवर पुरावा काढा."

पुरावा काढायचा कसा, तर त्या मुलीकडून.

सई नावाची ती मुलगी मुंबईहून यायची. गोड्या पाण्यातले शिकारी मासे काय खातात आणि त्यांच्या खाण्यावर बाकीच्या पाण्याचं काय अवलंबून असतं, याचा तिचा अभ्यास होता. तिला हे तळं हवं होतं ते मरळीसाठी. मरळ म्हणजे या तळ्यातली जुनी वाघीण. हातभर लांब, काळसर, सापासारख्या डोक्याची. मरळीच्या पोटात काय सापडतं ते पाहायला ती परवानगी मागायला आली, तेव्हा पोट म्हणताच ट्रस्टची कमिटी चिडून उठलीच होती. बुवांनीच तिची हमी घेतली. मासा मारायचा नाही, जखम करायची नाही, जिथून धरला तिथेच सोडायचा, असं तिच्याकडून महादेवासमोर वदवून घेतलं. तरीही ती आली की बुवा पायरीवर येऊन बसत आणि तिच्या हातांवर नजर ठेवत. हमी घेणं वेगळं, भरवसा ठेवणं वेगळं.

त्या आठवड्यातही ते बसले. सईनं मरळ धरली, टबात घेतली, पाण्यात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकले.

"कशाला ते?"

"दाताला लावतो ना आपण, तसंच. थोडा वेळ झोपते ती, काका. तिला कळतही नाही."

सगळ्या घाटावर मसालेभातासारखा वास सुटला. मरळ निपचित झाली. सईनं तिच्या तोंडातून एक मऊ नळी आत सारली आणि पिचकारीनं हळूहळू पाणी सोडलं. पोटातलं जे होतं ते उलटून चाळणीत आलं. मग मासा स्वच्छ पाण्यात, शेपटी हलली, आणि सुळकन तळ्यात परत. चाळणीतलं तिनं चिमट्यानं बाटलीत भरलं. बुवा पुढे वाकले.

आत जे असेल ते, पण त्यात चंदेरी खवलं असावीत असं त्यांना फार वाटत होतं. मरळीनं खाल्ले म्हटलं की प्रश्न मिटला. मरळ देवाची, मासेही देवाचे, आणि देवजी सुटला. कुणावर बोट दाखवून बसलेल्या माणसाला ते बोट मागे घ्यायलाही काहीतरी निमित्त लागतं.

"काय हाय?"

"चतुराचे किडे. हा बेडकाचा पाय. आणि हे गवत." सईच्या कपाळावर आठी पडली. "गेल्या वेळीही असंच होतं. काका, ही मरळ उपाशी आहे. एवढ्या मोठ्या माशानं किड्यांवर भागवायचं म्हणजे दुष्काळच. इतकी वर्षं ती आणि ते लहान मासे इथे एकत्रच राहत होते ना? ती त्यांतले थोडे खायची, ते पुन्हा वाढायचे. आता तिच्यासाठीच काही उरलेलं नाही. शिवाय या वर्षी तिची पिल्लंसुद्धा दिसली नाहीत मला."

"म्हंजे मरळीनं नाय खाल्ले."

"नाही."

हे हरेशला सांगितलं तेव्हा त्याला हसू आलं. "घ्या. वैज्ञानिक पुरावा. मरळ खात नाय, मग राहिला कोन? दोन पायाचा."

बुवांना रात्री झोप लागली नाही, पण त्यांनी काही केलंही नाही. मीटिंगच्या आदल्या दिवशी एकादशी होती आणि एकादशीला त्यांना एक काम असे.

ते काम मागल्या सालच्या सप्ताहापासूनचं. त्या साली आलेल्या कीर्तनकारांनी भूतदयेवर असं निरूपण केलं होतं की मंडप गदगदून गेला. मरणाच्या दारातला एक जीव सोडवा, तो तुमच्यासाठी देवाशी बोलेल, असं त्यांनी हात जोडून सांगितलं आणि बुवांच्या टाळाचा ठेका चुकला होता. मासळी खाऊन वाढलेलं अख्खं आयुष्य त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. तेव्हापासून भजनी मंडळानं नेम धरला. दर एकादशीला बाजारातून जिवंत मासे सोडवून आणायचे आणि देवाच्या तळ्यात सोडायचे. कुणी आईबापाच्या नावानं सोडी, कुणी नातवाच्या वाढदिवसाला. हरेशनं तर एकदा टेम्पोच आणला होता.

बुवा स्कूटरवर प्लास्टिकचा डबा बांधून नाक्यावर आशालताकडे गेले. ही कोळीण तिकडे उरणहून माल आणून बसायची. बर्फातली पापलेटं, सुरमई पुढे, आणि मागे निळा ड्रम.

"आले माळकरी," ती बाजूचीला म्हणाली. "ह्यो माझा एकच गिऱ्हाईक, नेतो नि खात नाय. भाऊ, येक दिवस माझ्याच टोपलीला जीवदान द्या, मी बी सुटन."

"जिता हाय ना?"

"जिता पायजे त ह्योच. बाकी सगलं बर्फात येतं, ते कवाच मेलेलं. ह्याला ड्रमात ठेव, चिखलात टाक, पिशवीत भर, मरत नाय हा." तिनं ड्रममध्ये हात घालून काळा, मिशाळ, चिकट मासा वर काढला. तो तिच्या मुठीत पिळवटला. "विकायला बंदी म्हनतात त्याच्यावर. पन येतो बापडा ट्रकातना, मी काय करू?"

डब्यात मासे पडत असताना बुवांनी मनातलं विचारून घेतलं. "ते आमचा देवजी, कातकरी, तुज्याकडं कदी मासं इकाया येतो?"

"नदीचं खेकडं आनतो कदी कदी. मासं नाय." तिनं त्यांच्याकडे रोखून बघितलं. "का? चोरी झाली?"

"नाय, सहज."

"सहज कोन इचारत नाय, भाऊ," आशालता म्हणाली आणि हात पुसला.

परत येताना बुवा स्वतःला समजावत होते. तिच्याकडे नसेल विकत. पनवेलला काय एकच बाजार आहे?

तळ्यावर सई आधीच आली होती. कंबरभर पाण्यातून ती एक तारेचा पिंजरा ओढत होती. रात्रभर पाण्यात ठेवला होता म्हणे. पायरीवर आणून तिनं दार उघडलं, आणि आतून चार-पाच मोठे काळे मिशाळ मासे टबात ओतले गेले. दंडाएवढे जाड.

बुवांचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी तळ्यात त्यांना मासा दिसला होता, आणि तोही ओळखीचा.

"हे आमचे," ते म्हणाले. "बघा कसं अंग धरलंय. आनले तवा एवढुसे हुते, वीतवीत."

सई टबाजवळ वाकली होती ती तशीच थांबली. "तुमचे म्हणजे?"

मग बुवांनी तिला सगळं सांगितलं. अगदी रंगून. कीर्तन, नेम, आशालताचा ड्रम, कुणी कुणाच्या नावानं सोडले, सोडताना घंटा कशी वाजवायची, मासा पाण्यात गेल्यावर मंडळातली सोनाबाई कशी रडली होती. स्कूटरवरचा डबाही दाखवला. "आजचे पन हायेत. बरं झालं तुमी हाव. तुमच्या हातानं सोडा एक. लग्नाचं, नोकरीचं काय मनात आसंल ते बोला."

सईनं डब्यात डोकावून पाहिलं. "काका, आत्ता सोडू नका. थोडं थांबाल?"

ती टबाकडे वळली. लवंगेचे थेंब टाकले, पहिला मासा झोपला, नळी आत गेली. पिचकारी अर्धीही रिकामी झाली नसेल, चाळणीत भसकन ढीग आला.

चंदेरी होता तो. काही अख्खे, बोटाएवढे, डोळेसुद्धा शाबूत. काही अर्धे विरघळलेले, नुसती पाठीची काटेरी रेघ. त्यात भिजलेले कुरमुरे होते, कुठल्या तरी गॅलरीतून पडलेला चपातीचा तुकडा होता, आणि मध्ये लालसर रंगाची इवली पिल्लं, एकमेकांना चिकटलेली.

"ही मरळीची पिल्लं," सई हळू आवाजात म्हणाली. "ती आणि तिचा नर जीव लावून राखतात त्यांना. पण हा मासा कशालाच सोडत नाही. मरळ तिला भूक असते तेवढंच धरते. हा मिळेल ते, मिळेल तेव्हा. शिवाय इथे याला खाणारं कुणी नाही. हा मांगूर परदेशातून आलेला, काका. याला बंदी आहे ती यासाठीच."

तिनं दुसरा धुतला. तिसरा धुतला. तिन्ही चाळण्यांतून तेच आलं. बुवांनी चौथा धुऊ दिला नाही. "ऱ्हाउंदे," एवढंच म्हणाले.

टबातला एक मासा शुद्धीवर येऊन तोंड वर काढून हवा घेऊ लागला. गुळुप. आवाज बराच मोठा होता. मागे कुणाची तरी पावलं थबकली. देवजी होता, हातात तीच कागदाची पुडी.

"ह्यो आवाज," तो म्हणाला. "ह्योच."

"कसला रं?"

"दिवस मावाळला का पान्यात ह्यो आवाज येतो, बुवा. हतं येक, थतं येक. सगळ्या तळ्यात. मला वाटलं आसरा खवाळल्या." आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी, कातकऱ्यांच्या आणि आगऱ्यांच्याही धाकाच्या. त्यानं पुडी उघडली. आत कुंकू, खोबऱ्याचा तुकडा, वाळलेलं लिंबू. "राकनदार पान्याला भितो म्हनलं आसतं तुमी. म्हनून बोललो नाय. सकालचं गुपचाप ठेवून येतो कोपऱ्यात."

बुवा त्या खोबऱ्याच्या तुकड्याकडे बघत बसले. संशयाच्या ज्या पायऱ्या ते एकेक करून उतरले होते, त्या सगळ्या जागच्या जागी होत्या. फक्त खाली देवजी नव्हता, ते स्वतः उभे होते.

"उद्याच्या मिटिंगमदी मला काडनार ना?" देवजीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं आणखी जड गेलं. "हरेशशेटनं सांगितलं सकाळी. म्हनले, बुवांनी बगितलंय सगळं. गंगूनं भांडी बांधलीत."

रविवारी संध्याकाळी सभामंडपात सतरंज्या पडल्या. हरेशनं विषय मांडला, खवलं, पुडी, मरळीचं पोट, आणि म्हणाला, "आता आय-विटनेस बुवा बोलतील."

बुवा उभे राहिले. कीर्तनात उभं राहायची सवय असलेल्या माणसाला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना. टाळ नव्हते.

"मासं देवजीनं नाय नेले," ते म्हणाले. "मासं आपन सोडले त्यांनी खाल्ले."

आधी कुणाला कळलंच नाही. मग त्यांनी सईच्या तीन बाटल्या सतरंजीवर ठेवल्या आणि सांगितलं. नाक्यावरचा ड्रम, आशालता काय बोलली, पोट धुतलं तेव्हा काय निघालं, आसरा, पुडी, सगळं. सांगता सांगता आवाज चढला नाही, रंगला नाही. पहिल्यांदाच त्यांच्या सांगण्याला ठेका नव्हता.

"म्हंजे मी टेम्पो भरून आनला ते पाप?" हरेश म्हणाला. "बुवा, शब्द तुमचा हुता. तुमीच म्हनलाव जीवदान."

"मीच म्हनलो. चांगल्या मनानं म्हनलो. ड्रमात जिता ऱ्हातो तो कुटला मासा नि का जिता ऱ्हातो, ह्ये मला इचारावंसंच वाटलं नाय. बाकी मासं बर्फात मरत्यात, ह्यो मरत नाय, तवाच कळाया पायजे हुतं."

"हे त्या पोरीचं म्हनणं. पोट धुतलं म्हणे. कोन धुतं पोट?"

"मी हुतो तिथं. माज्या डोळ्यांदेखत."

"परवा पन तुमच्या डोळ्यांदेखतच पुडी दिसली हुती," मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघेचौघे हसले. बुवांनी मान खाली घातली. ते हसणं रास्त होतं.

सोनाबाई गुडघ्यावर हात टेकून पुढे आली आणि तिनं एक बाटली उचलून डोळ्यांजवळ नेली. "आमच्या म्हाताऱ्याच्या नावानं सोडला हुता मी," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी त्याला नमस्कार करतंय."

बाटली कलली तशी आतली लाल पिल्लं हलली आणि पुन्हा तळाला बसली.

शेवटी ठरलं ते असं. ड्रमचे मासे यापुढे आणायचे नाहीत. तळ्यातले मांगूर सगळे काढायचे. नदीत सोडायचे तर तिथेही हेच होणार, असं सईनं सांगितलं होतं. तेव्हा मारून पुरायचे. ज्या तळ्यात कधी जाळं पडलं नाही त्यात देवाची परवानगी मागून एकदा जाळं टाकायचं. आणि टाकणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा हरेश झटकन म्हणाला, "देवजी हाय ना. कातकरीच हाय तो. झोपडी पन ऱ्हाउंदे मग त्याची."

ही निरोपाची कामगिरी बुवांवर आली. ते उठून तसेच देवळामागे गेले. अजून उजेड होता. झोपडीपुढे गंगूनं चुलीचे तीन दगड उपटून बाजूला ठेवले होते, भांड्यांचं गाठोडं बाजेवर. देवजी दारात बसला होता.

बुवांनी ठराव सांगितला. देवजीनं तो पुरता ऐकून घेतला.

"माज्या हातानं नाय हुयाचं," तो म्हणाला.

"का रं? झोपडी ऱ्हातीय तुजी."

"बापानं ह्या पान्यात जाळं टाकलं नाय, मी नाय टाकलं. भूक लागली तवा बी नाय. आन तरी चोर झालो. आज तुमी म्हनता टाक. उंद्या टावरातला कोनी फोटू काडंल, देवजीच्या हातात जाळं. परवा तुमीच बगाल." त्यानं गाठोड्याकडे पाहिलं. "तुमची नजर लई चांगली हाय, बुवा."

बुवांना बसायचं होतं, पण बस म्हणायला कुणी नव्हतं. ते उभेच राहिले. त्यांच्या मनात आलं, माफी मागावी. मग वाटलं, माफीत फार सोय आहे. शब्दांत आपण तरबेज, दोन वाक्यांत रडू आणि ह्याला रडवू, आणि जाळं तसंच पडून राहील.

ते घरी गेले. माळ्यावर वडिलांचं पागेर पडलं होतं, फेकायचं गोल जाळं. शांतीनं खालून शिडी धरली.

"माळ?" तिनं एवढंच विचारलं.

"ऱ्हाऊ दे गळ्यातच. काडून ठेवली तर देवाला दिसनार नाय आसं थोडंच हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवाला पाणी घालून, हात जोडून, ते धोतर खोचून पायऱ्या उतरले. समोरच्या गॅलऱ्यांत माणसं जमली. हरेशही आला, चपला न काढता वरच उभा राहिला. बुवांनी जाळं खांद्यावर घेतलं. हात विसरले नसतील असं वाटलं होतं, पण हात विसरले होते. पहिल्या फेकीला जाळं उघडलंच नाही, गोळा होऊन डबकन पडलं. दुसऱ्यांदा स्वतःच्याच मनगटाला गुंडाळलं. गॅलरीतून कुणीतरी हसलं. तिसऱ्या फेकीला एक मांगूर आला.

तो त्यांच्या हातात पिळवटला, मिशा हलवत हवा घेत राहिला. कदाचित त्यांनीच सोडला असेल, एखाद्या एकादशीला, घंटा वाजवून. त्याचा काय दोष होता? त्याला भूक होती आणि समोर भरलेलं तळं होतं. बुवांचे ओठ हलले. देवाचं नाव घेतलं की त्या माशाची क्षमा मागितली, ते त्यांनाही नीट कळलं नाही. मग त्यांनी तो दगडावर आपटला. एकदा. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून.

चौथी, पाचवी फेक रिकामी गेली. खांदा भरून आला. ते पाण्यात उभे राहून धापा टाकत होते तेव्हा पायरीवरून आवाज आला.

"थतं काय टाकता? थतं गाळ नुसता."

देवजी होता. पाण्यात उतरला नव्हता, उतरणारही नव्हता. सगळ्यात वरच्या पायरीवर, हाताची घडी घालून बसला होता, पण तोंड पाण्याकडे होतं. "उजव्या अंगाला सरका. पिपळाखाली. थतं येतात ते हवा घ्याला. गप ऱ्हावा थोडं, आवाज येंदे, मंग टाका."

बुवा सरकले. गप्प राहिले. कीर्तनातही ते इतके गप्प कधी राहिले नव्हते. पाण्याला कान लावून दोघे वाट बघू लागले, एक पाण्यात, एक पायरीवर.

देवळामागून गंगूची हाक आली. "आवो, दगड परत मांडू का नको? भात ठेवायचाय."

देवजीनं पाण्यावरची नजर काढली नाही. पाण्यात बुवांनीही मान वळवली नाही, पण जाळ्याची दोरी त्यांनी घट्ट धरली. पिंपळाखाली गुळुप झालं.

"टाका," देवजी म्हणाला, आणि जाळं या वेळी पुरतं उघडून पाण्यावर पडल्यावर मागे मान करून ओरडला, "मांड."